पंच्याऐंशी डेसिबल : घरगुती चित्रपटध्वनीच्या पातळीचा पूर्वेतिहास

घरात चित्रपटाचा बहुमार्गी ध्वनी ऐकवणाऱ्या रिसीव्हर या यंत्राच्या दर्शनी पट्टीवर आवाजाचा आकडा पुष्कळदा शून्यापासून वर चढत नाही, तर उणे ऐंशीसारख्या आकड्यापासून शून्याकडे येतो, आणि हे शून्य म्हणजे शांतता नसून चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या पातळीला झाले ती पातळी होय. प्रत्येक स्पीकरमधून सोडलेली चाचणीची खरखर बैठकीच्या जागी ७५ डेसिबल भरेल अशा बेताने स्पीकर आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्वतंत्र खोके, जुळवले म्हणजेच या शून्याला काही अर्थ येतो. रिसीव्हर बनवणाऱ्यांनी हा ७५चा आकडा दिवाणखाना डोळ्यांसमोर ठेवून काढलेला नाही. त्याचे मूळ चित्रपटगृहाच्या प्रक्षेपण कक्षात आहे आणि तेथेही तो सहजासहजी आलेला नाही. चित्रपट किती मोठ्याने ऐकू यावा हे ठरवण्याचा अधिकार ध्वनिमिश्रकाचा, प्रोजेक्टर चालवणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, या ओढाताणीतून तो निपजला, आणि ती ओढाताण अद्याप संपलेली नाही.

डेसिबल हे एककच मुळी टेलिफोनच्या तारांसाठी जन्मले. तारेतून जाताना संकेत किती क्षीण होतो हे मोजण्यासाठी अमेरिकेतील बेल कंपनीच्या अभियंत्यांनी ते १९२०च्या दशकात योजले आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचे नाव त्याला दिले. हे गुणोत्तर मोजणारे एकक असल्यामुळे १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट शक्ती. कानाला मात्र ती साधारण दुपटीएवढीच जाणवते. याच कंपनीच्या प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये निरनिराळ्या उंचीचे स्वर कानाला सारखेच मोठे वाटण्यासाठी किती दाब लागतो हे दाखवणाऱ्या वक्ररेषा प्रसिद्ध केल्या, आणि पुढील सगळ्या इतिहासाची किल्ली या रेषांत आहे. कान खर्जाच्या बाबतीत फार मंद असतो : सेकंदाला ४० कंपने, म्हणजे ४० हर्ट्झचा नाद जेमतेम ऐकू येण्यासाठी १००० हर्ट्झच्या नादापेक्षा सुमारे ५० डेसिबल अधिक दाब लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की खर्जाच्या बाजूला या रेषा एकमेकींच्या जवळ येतात. म्हणून एकंदर आवाज १५ डेसिबलने कमी केला, तर संवाद बेताचा होतो, पण खर्ज जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा वाटतो. आवाज कमी केला की चित्रपट पातळ का वाटतो, याचे उत्तर यंत्रात नसून कानात आहे.

बोलपटाच्या पहिल्या दशकात पातळीचा निर्णय सर्वस्वी प्रक्षेपण कक्षातील माणसाच्या हाती होता. अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १९३८च्या सुमारास प्रक्षेपणाच्या ध्वनीसाठी एक प्रमाण वक्ररेषा ठरवून दिली, परंतु तिचा रोख फिल्मवरील खरखर झाकण्यासाठी तारस्वर किती उतरवावेत यावर होता. किती मोठ्याने वाजवावे, यावर नव्हता. या व्यवस्थेला पहिला धीट धक्का दिला तो वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात १३ नोव्हेंबर १९४० रोजी हा चित्रपट दाखवला गेला तेव्हा चित्राच्या फिल्मबरोबर ध्वनीची एक स्वतंत्र फिल्म धावत होती, आणि तिच्यावर ध्वनीच्या तीन पट्ट्यांखेरीज एक चौथी पट्टी होती, जी प्रेक्षकांना ऐकवण्यासाठी नव्हतीच. तिच्यावरील संकेत ध्वनिवर्धकांची पातळी क्षणाक्षणाला वर-खाली करत असत. ऑर्केस्ट्रा किती गरजावा आणि किती विरावा, हे स्टुडिओने फिल्मवरच लिहून ठेवले होते आणि प्रोजेक्टरवाल्याचा हात त्यातून वगळला होता. फँटासाउंड नावाची ही योजना अवाढव्य खर्चामुळे मोजक्याच शहरांत पोहोचली आणि महायुद्धाच्या काळात गुंडाळली गेली. पन्नासच्या दशकात सिनेरामा, सिनेमास्कोप आणि टॉड-एओ या रुंद पडद्याच्या पद्धतींनी चुंबकीय पट्ट्यांवर चार, सहा, सात ध्वनिमार्ग आणले, पण मार्गांची संख्या वाढली तरी प्रत्येक मार्ग किती डेसिबलला वाजावा, हा प्रश्न त्यांनी गृहागणिक मोकळाच ठेवला.

खर्जाचा इतिहास मात्र वेगळ्या आणि काहीशा गमतीदार वाटेने आला. युनिव्हर्सल स्टुडिओने नोव्हेंबर १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ हा भूकंपाचा चित्रपट प्रदर्शित केला, तो सेन्सराउंड या पद्धतीसह. तिच्यात प्रेक्षागृहात सर्विन-व्हेगा कंपनीने बनवलेली कपाटाएवढी खर्जाची खोकी भाड्याने आणून बसवली जात, आणि गडगडाट फिल्मवर मुद्रित केलेला नसे. फिल्मवरील गुप्त संकेत मिळताच प्रेक्षागृहातीलच एक यंत्र तो निर्माण करत असे. ऐकू येण्याच्या उंबरठ्यावरचा हा नाद कानापेक्षा छातीला आणि खुर्चीच्या पाठीला अधिक जाणवे. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात छताच्या गिलाव्याचे तुकडे खाली येऊ नयेत म्हणून जाळे टांगावे लागले. जाहिरातीच्या दृष्टीने ते जाळे पथ्यावरच पडले असेल. एकाच इमारतीत अनेक पडदे असत तेथे शेजारी शांत चित्रपट चालू असलेल्या प्रेक्षागृहाच्या भिंती ऐन प्रसंगी थरथरू लागत. ‘मिडवे’, ‘रोलरकोस्टर’ आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ यांच्यानंतर ही पद्धत मागे पडली. तथापि खर्जाला स्वतंत्र खोके, स्वतंत्र ध्वनिवर्धक आणि स्वतंत्र पातळी हवी, एवढे तिने दाखवून दिले. घरगुती सबवूफरच्या तक्रारींचा सारा नमुनाही, म्हणजे खिडक्यांचा खडखडाट, शेजाऱ्यांची नाराजी आणि हौसेपोटी जरुरीपेक्षा वर ठेवलेली पातळी, सेन्सराउंडच्या या चार वर्षांत आधीच पाहावयास मिळतो.

पातळीला प्रमाण देण्याचे काम ज्यांनी केले त्यांची सुरुवात आवाज वाढवण्यातून नव्हे, तर खरखर कमी करण्यातून झाली होती. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला स्थापन केलेल्या प्रयोगशाळेची खरखरनिवारक यंत्रणा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या १९७१च्या चित्रपटाच्या मिश्रणात वापरली गेली, परंतु चित्रपटगृहात पोहोचणारी प्रत जुन्याच पद्धतीची असल्यामुळे त्या कष्टांचे फळ प्रेक्षकांपर्यंत फारसे आले नाही. या प्रयोगशाळेतील आयन ॲलन आणि त्यांचे सहकारी यांच्या तेव्हा ध्यानात आले, की मिश्रणकक्ष आणि प्रेक्षागृह या दोन खोल्या एकसारख्या ऐकू आल्याशिवाय फिल्मवरील सुधारणेला किंमत नाही. लंडनजवळील एल्स्ट्री स्टुडिओत त्यांनी जवळ ठेवलेले घरगुती दर्जाचे स्पीकर आणि पडद्यामागील मोठे कर्णे यांची तुलना केली. त्यातून जी प्रमाणरेषा निघाली तिला एक्स-कर्व्ह म्हणतात : २००० हर्ट्झपर्यंत सपाट आणि त्यापुढे स्वर दुप्पट उंच झाला की ३ डेसिबलने उतरणारी.

या प्रमाणरेषेबरोबर पातळीचे प्रमाणही आले, आणि ते प्रत्यक्षात कसे बसवले जाई हे जवळून पाहण्याजोगे आहे. तंत्रज्ञ प्रेक्षागृहाच्या मागल्या भागात, पडद्यापासून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर मायक्रोफोन उभा करी आणि ध्वनिसंस्कारकातून ‘पिंक नॉइज’ सोडी. पिंक नॉइज म्हणजे ज्यात प्रत्येक सप्तकाला सारखी शक्ती वाटून दिलेली असते अशी खरखर, जी कानाला धबधब्यासारखी भासते. फेडर, म्हणजे आवाजाचे मुख्य बटण, सातच्या आकड्यावर ठेवून पडद्यामागील डावा, मधला आणि उजवा असा एकेक मार्ग ८५ डेसिबलवर आणला जाई. बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरील सराउंड स्पीकरांचे पुढे डावे व उजवे असे दोन गट झाले तेव्हा त्यांतील प्रत्येक गट ८२ वर ठेवण्याचा दंडक पडला, कारण दोन्ही मिळून ते पडद्याच्या एका मार्गाइतके भरावेत असा हिशेब होता. मिश्रणकक्षातही हीच मोजणी असे. याचा परिणाम फार दूरगामी झाला : मिश्रकाने कुजबुज जेवढी हळू ठेवली तेवढीच हळू ती दुसऱ्या खंडातील शहरातही ऐकू यावी, असा एक अलिखित करार त्या ‘सात’मध्ये होता, आणि तो पाळला जाण्यासाठी प्रोजेक्टरवाल्याने बटणाला हात न लावणे एवढीच अट होती.

‘स्टार वॉर्स’ हा २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट या कराराला सबवूफर जोडून गेला. पडद्यामागील जुने कर्णे संवादांसाठी उत्तम असले तरी खोल खर्ज त्यांना पेलत नव्हता, आणि त्यांच्यावर तो लादला तर संगीत फाटत असे. टॉड-एओच्या सत्तर मिलिमीटर प्रतीवर पडद्यामागील पाच मार्गांपैकी दोन त्या काळी जवळजवळ रिकामेच असत. त्या दोन मार्गांवर केवळ खर्ज मुद्रित करून तो वेगळ्या खोक्यांतून वाजवण्याच्या युक्तीला ‘बेबी बूम’ असे खेळकर नाव मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘क्लोज एनकाउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ने ती रुळवली आणि १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मधील हेलिकॉप्टरांनी तिला प्रतिष्ठा दिली.

लुकसफिल्ममध्ये १९८० साली आलेल्या टॉमलिन्सन होल्मन यांनी या विखुरलेल्या सवयींना शिस्त लावली. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या निमित्ताने सुरू झालेली टीएचएक्स ही मुद्रणाची पद्धत नव्हती, तर प्रेक्षागृहाच्या गुणवत्तेच्या अटींची यादी होती. डिजिटल ध्वनीसाठी किती मार्ग हवेत याची चर्चा १९८७ मध्ये अमेरिकन चित्रपट अभियंत्यांच्या समितीत झाली तेव्हा ‘पाच पूर्णांक एक दशांश’ हे उत्तर होल्मन यांनी मांडले : पाच पूर्ण मार्ग, आणि केवळ १२० हर्ट्झच्या खालचा भाग वाहणारा एक तोकडा मार्ग. या तोकड्या मार्गाला एलएफई म्हणतात. कान खर्जाला मंद असल्यामुळे या मार्गाला इतरांपेक्षा अधिक जागा हवी होती, म्हणून तो मुद्रित करताना १० डेसिबल खाली ठेवावा आणि वाजवताना तेवढाच वर उचलावा असे ठरले. परिणामी प्रमाण पातळीवर पडद्याचा एक मार्ग जास्तीत जास्त १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, तर एलएफई ११५ पर्यंत.

या दहा डेसिबलांनी जितका घोटाळा घातला तितका दुसऱ्या कोणत्याही आकड्याने घातला नसेल. पडद्याचे मार्ग ८५ वर आहेत, तेव्हा सबवूफर ९५ वर हवा, असा सरळ हिशेब करून हातातील मीटरचा काटा ९५ वर आणला, तर खर्ज अतोनात वाढतो; कारण पडद्याच्या मार्गाची खरखर सगळ्या सप्तकांत पसरलेली असते आणि सबवूफरची थोड्याच सप्तकांत कोंडलेली, त्यामुळे दहाचा फरक सप्तकाशी सप्तक ताडून पाहावा लागतो. तसा तो ताडला, की साध्या मीटरवर सबवूफर ९० किंवा ९१ च्या आसपासच भरतो. या चुकीची उलटी बाजू घरात दिसली : डीव्हीडी-ऑडिओसारख्या तबकड्यांचा प्लेअर जेथे सहा वेगळ्या तारांनी जोडला जाई, तेथे तो उचलून धरण्याचा टप्पाच कधी कधी गळत असे आणि खर्ज दहाने कमी पडत असे.

डिजिटल ध्वनी चित्रपटगृहात ‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) आणि ‘जुरासिक पार्क’ (१९९३) यांच्यासह रुजला, १९९५ मध्ये लेझरडिस्कवर उतरला आणि १९९६-९७ पासून डीव्हीडीने तो घरोघर नेला. घरासाठी टीएचएक्सचे नियम १९९० मध्येच आले होते व त्यांत ८० हर्ट्झची सीमा होती : त्याखालचा नाद कोठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून पाचही स्पीकरांचा तेवढा भाग काढून सबवूफरकडे वळवावा. येथे घर आणि चित्रपटगृह यांच्यात एक मूलभूत भेद पडला. चित्रपटगृहाचा सबवूफर केवळ एलएफई वाजवतो; घरातला सबवूफर एलएफई आणि पाचही मार्गांचा खर्ज असे दुहेरी ओझे वाहतो, त्यामुळे त्याची पातळी चुकली की नुसता स्फोट नव्हे, तर नायकाचा घोगरा आवाज आणि तबल्याच्या बायाचा घुमारादेखील बिघडतो.

घरी मोजणी करण्याचे साधन होते अमेरिकेतील रेडिओ शॅक या दुकानसाखळीचे हातात मावणारे मीटर. त्यावर ‘सी’ भार, म्हणजे खर्जाला फारसे न वगळणारी मोजणी, आणि काट्याची मंद चाल निवडून ते बैठकीच्या जागी कानाच्या उंचीवर धरायचे, आणि रिसीव्हर आळीपाळीने एकेका स्पीकरमधून खरखर सोडत असता प्रत्येकाची पातळी जुळवायची, असा तो विधी होता. घरात ८५ डेसिबलची खरखर बराच वेळ सोसणे त्रासाचे असल्यामुळे चाचणीचा संकेतच १० डेसिबलने खाली मुद्रित करून लक्ष्य ७५ करण्यात आले. प्रमाण तेच राहिले, मोजण्याची पायरी तेवढी उतरली. पण ‘व्हिडिओ इसेन्शियल्स’ या चाचणी-तबकडीचे लक्ष्य ७५ आणि ‘एव्हिया’चे ८५, यामुळे एका तबकडीची खरखर लावून दुसरीचा आकडा गाठणारे हौशी लोक पूर्ण १० डेसिबलने फसत. शिवाय ते स्वस्त मीटर खोल खर्ज प्रत्यक्षाहून कमी दाखवी, त्यामुळे दुरुस्तीच्या तक्त्याशिवाय मोजणाऱ्याचा सबवूफर आपोआप चढा लागे. सबवूफरच्या पाठीवरील बटण आणि रिसीव्हरमधील आकडा अशा दोन ठिकाणी एकच पातळी ठरत असल्याने आणखी एक अडचण होती : पाठीवरचे बटण फार वर असेल तर रिसीव्हर आपल्या उणे १२ च्या टोकाला जाऊन थांबतो, आणि मग त्याने दाखवलेल्या जुळणीवर विश्वास ठेवता येत नाही.

मीटरपेक्षाही हट्टी निघाली ती खोली. ४० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे ८.६ मीटर लांब असते, म्हणून ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ती दोन भिंतींमध्ये नेमकी अडकून उभी राहते : भिंतीशी बसलेल्याला तो स्वर दणदणीत ऐकू येतो आणि मधोमध बसलेल्याला जवळजवळ येत नाही. अमेरिकन घरांच्या लाकडी सांगाड्यावरील पोकळ भिंती थोड्या लवचीक असल्यामुळे काही खर्ज गिळतात. मुंबई-पुण्याच्या सदनिकांतील विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती तो परत फेकतात, त्यामुळे तीच सामग्री, तीच जुळणी आणि तोच ७५चा आकडा येथे अधिक घुमट्या खर्जासह ऐकू येतो. हार्मन कंपनीतील संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की खोलीत नीट जागा निवडून ठेवलेले दोन किंवा चार सबवूफर हा उंच-सखलपणा पुष्कळ सपाट करतात. एकाच सबवूफरची पातळी वर-खाली करून तो सपाट होत नाही, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

दरम्यान, ज्या ‘सात’वर हा सारा डोलारा उभा होता तो चित्रपटगृहांतच ढासळू लागला. डिजिटल ध्वनीने मिळालेली मोकळीक जाहिरात-पट्ट्यांनी, म्हणजे ट्रेलरांनी, सर्वात आधी वापरून संपवली. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या, प्रोजेक्टरवाल्यांनी फेडर पाचवर आणला आणि मुख्य चित्रपटही त्याच पाचवर वाजू लागला. संवाद बुडतात हे पाहून मिश्रकांनी पुढचे चित्रपट आणखी मोठ्याने मिश्रित केले आणि फेडर आणखी खाली गेला. अमेरिकेत १९९९च्या सुमारास ट्रेलरांच्या सरासरी पातळीवर मर्यादा घालण्यात आली, ती याच दुष्टचक्राला आवर घालण्यासाठी. घरात तर शून्य पातळीला चित्रपट ऐकणारे विरळाच. उणे १५ किंवा उणे २० हीच रोजची बैठक. आणि तेथे फ्लेचर-मन्सन यांच्या रेषा पुन्हा आडव्या येतात. होल्मन यांचा ज्या कंपनीच्या स्थापनेत सहभाग होता त्या ऑडिसीने मायक्रोफोन लावून रिसीव्हरलाच स्पीकरांची पातळी आणि अंतर मोजायला लावले, आणि पुढे डायनॅमिक इक्यू या सोयीने बटण खाली जाईल तसा खर्ज व सराउंड प्रमाणात उचलून धरण्याची तजवीज केली. फँटेशियाच्या चौथ्या पट्टीने प्रोजेक्टरवाल्याचा हात काढून घेतला होता. ही सोय ऐकणाऱ्याचा हात मान्य करून त्याच्या मागोमाग हिशेब सावरते. एवढे करूनही जुळणी पूर्ण झाल्यावर सबवूफरचा आकडा तीन-चार डेसिबलने वर सरकवणारे असंख्य आहेत, आणि प्रमाण पातळीच्या खाली ऐकताना ते अगदीच अडाणीपणाचे नाही.

भारतात या इतिहासाचे धागे उशिरा पोहोचले. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ पासून पाच वर्षे चाललेल्या ‘शोले’ने सत्तर मिलिमीटर पडद्याची आणि स्टिरिओफोनिक ध्वनीची गोडी लावली, आणि १९९४चा ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ हा डॉल्बी स्टिरिओतील पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. घरगुती सबवूफर मात्र येथे अशा कायद्याच्या सावलीत आला, ज्याची मोजपट्टीच निराळी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक जाऊ नये असे म्हटले. पण हे आकडे ‘ए’ भाराने मोजायचे आहेत. ‘ए’ भार हा मंद आवाजाच्या वक्ररेषेवरून बेतलेला असल्यामुळे तो खर्ज मोठ्या प्रमाणात वगळतो : ४० हर्ट्झला ‘सी’ भार केवळ २ डेसिबल वजा करतो, ‘ए’ भार सुमारे ३५. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात त्या गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील ध्वनिभिंती पोलिसांच्या मीटरवर मोजल्या जातात तेव्हाही हीच वजाबाकी लागू होते, आणि खिडकीची काच थरथरवणारा भाग आकड्यात फारसा उतरत नाही. दिवाणखान्यात ‘सी’ भारावर ७५ भरलेला ४० हर्ट्झचा शुद्ध नाद ‘ए’ भारावर जेमतेम ४२ दाखवतो, म्हणजे रात्रीच्या मर्यादेच्याही खाली, आणि भिंतीपलीकडे झोपू पाहणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार त्या मीटरवर सिद्ध होत नाही.